अभ्यासाचा ताण मोजायचा कसा: खान्देशातल्या माध्यमिक शाळांसाठी

आठवी ते बारावीच्या मुलांचा अभ्यासाचा ताण मोजायचा ठरलं की बहुतेक जण आधी प्रश्नावली शोधायला लागतात. खरं तर ते काम नंतरचं. आधी एका कागदावर एकच ओळ लिहा: आकडा हातात आल्यावर शाळेत काय बदलणार आहे? गृहपाठाचं वेळापत्रक बदलणार असेल तर वर्गाची सरासरी पुरते, नावं लागत नाहीत. कोणत्या मुलाला समुपदेशकाकडे पाठवायचं ते ठरवायचं असेल तर नाव किंवा सांकेतिक क्रमांक हवाच. ध्यान, खेळ, अभ्यास-कौशल्याचं शिबिर असा एखादा उपक्रम घेऊन त्याचा उपयोग झाला का ते बघायचं असेल तर त्याच मुलांना दोनदा मोजावं लागतं. ही तीन वेगवेगळी कामं आहेत. एकाच कागदात तिन्ही कोंबली की एकही धड होत नाही. ती ओळ लिहिता येत नसेल तर मोजणी करूच नका. मुलांचा एक तास वाचेल.

दुसरी गोष्ट, 'ताण' या नावाखाली काय मोजताय ते वेगळं करा. परीक्षेची भीती म्हणजे पेपर समोर आल्यावर हात गार पडणं, पाठ केलेलं विसरणं. सर्वसाधारण ताणात घरची भांडणं, पैसा, आजारपण असं सगळंच येतं. नैराश्य हा आजार आहे. अभ्यासाचा ताण याहून वेगळा: अभ्यासाचा बोजा, गुणांची काळजी, घरच्यांच्या आणि स्वतःच्या अपेक्षा यांचं मुलाला वाटणारं ओझं. चौघांची सरमिसळ होते हे खरं, पण प्रत्येकाची मापनी वेगळी आहे.

कोणती मापनी घ्यावी

शाळेतल्या मुलांसाठी पहिली पसंती 'एज्युकेशनल स्ट्रेस स्केल फॉर अ‍ॅडोलेसंट्स', म्हणजे ईएसएसए. जियानडोंग सुन आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या शानडोंग प्रांतातल्या विद्यार्थ्यांवर ती तयार केली आणि २०११ साली प्रसिद्ध केली. १६ विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण गुण १६ ते ८०. तिचे पाच भाग आहेत: अभ्यासाचा दबाव (४ विधानं), कामाचा बोजा (३), गुणांची चिंता (३), स्वतःकडून अपेक्षा (३) आणि हताशपणा (३). मूळ अभ्यासात अंतर्गत विश्वसनीयता (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते), म्हणजे क्रॉनबाख अल्फा, ०.८१ आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घेतल्यावरची विश्वसनीयता ०.७८ होती. पुढच्या हिशेबात हे दोन आकडे लागणार आहेत.

सिन्हा, शर्मा आणि नेपाळ (हेही आडनावच) यांची २००१ सालची मापनी आपल्या भागाला जवळची. ३० विधानं, उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. वाचनाचा वेग कमी असलेल्या वर्गात ती सोपी जाते, पण 'थोडंसं' आणि 'फार' यांतला फरक तिच्यात पकडता येत नाही. फक्त अपेक्षांचं ओझं बघायचं असेल तर सिंगापूरमध्ये अँग आणि हुआन यांनी २००६ साली केलेली ९ विधानांची मापनी आहे. कोहेन यांची 'पर्सिव्ह्ड स्ट्रेस स्केल' (१९८३, पुढे १० प्रश्नांची आवृत्ती) सगळ्यांना माहीत असते म्हणून सर्रास वापरली जाते. ती मागच्या महिन्यातला एकूण ताण विचारते, अभ्यासाचा शब्दही काढत नाही. बापाचं कपाशीचं पीक गेलं तरी तिच्यात गुण वाढतात. ती घ्यायचीच तर जोडीला घ्या, एकटी नको.

लाळेतलं कॉर्टिसॉल तपासू का, असंही विचारलं जातं. नको. सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते आपोआप चढतं, दिवसभर उतरत जातं, म्हणून एका मुलाचे एकाच दिवशी अनेक नमुने ठरल्या वेळी घ्यावे लागतात. एवढं करूनही ताण गणिताचा की घरचा, ते कळत नाहीच.

कोणतीही मापनी मूळ लेखकांना ईमेल करून, परवानगी घेऊनच वापरा. मराठी रूपांतर आधी कुणी केलंय का, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रतीत एखादं विधान गाळलेलं किंवा क्रम बदललेला असतो आणि मग भागांची बेरीज चुकते.

मराठीत आणताना

सर्वांत जास्त वेळ इथेच द्या. पद्धत ठरलेली आहे: दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, बसून एक करायचं, मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, आणि मूळ मजकुराशी ताडून बघायचं. हे करून जे हातात येतं ते व्याकरणात बरोबर असतं. मुलांना कळेल याची मात्र खात्री नसते.

म्हणून ६ ते ८ मुलं एकेकटी बसवा: दोन शहरातली, दोन खेड्यातली, दोन आश्रमशाळेतली, मुलगे-मुली समान. प्रत्येक विधान वाचून दाखवा आणि म्हणा, 'हे तुझ्या भाषेत सांग.' अहिराणीत सांगू दे, लेवा बोलीत सांगू दे, पावरीत सांगितलं तर कळणारं माणूस जवळ ठेवा. 'मनं डोकं दुखस' असं सांगताना मूल जे बोलतं ते प्रमाण मराठीतल्या 'मला शारीरिक त्रास होतो'पेक्षा कितीतरी नेमकं असतं. छापील कागद मराठीतच राहू दे, पण विधानातला शब्द पुस्तकी वाटला तर तो बदलायला यातून आधार मिळतो.

नेहमी अडणाऱ्या जागा या:

गृहपाठ जास्त असतो, हे विधान धुळ्याच्या इंग्रजी माध्यमाच्या मुलीला लगेच कळतं. तळोदा किंवा अक्कलकुवा भागात आश्रमशाळेत राहणारा मुलगा विचारतो, 'सर, घरीच जात नाही तर गृहपाठ कुठला?' इथे 'शाळा सुटल्यावर करायला दिलेला अभ्यास' असं लिहा. 'क्लास' हा शब्द जळगावात खासगी शिकवणीसाठी वापरतात, खेड्यात शाळेच्या वर्गासाठीही वापरतात; 'शिकवणी' आणि 'वर्ग' असे दोन शब्द पक्के करा. आई-वडील माझ्या गुणांची काळजी करतात, या विधानाला ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेलेल्या आई-बापाचं मूल कोरं सोडतं; 'घरातली मोठी माणसं' म्हटलं की आजी, मोठा भाऊ, मामा सगळे त्यात येतात.

मग मराठीचं लिंग. 'मी घाबरतो / घाबरते' असा तिरका दांडा टाकून विधान लिहू नका. प्रत्येक ओळीत मूल थबकतं. 'मला भीती वाटते', 'माझं लक्ष भरकटतं' अशी रचना केली की प्रश्नच मिटतो. आणि नकारावर नकार टाळा. 'परीक्षेच्या आधी मला झोप लागत नाही' याला 'मुळीच पटत नाही' असं उत्तर द्यायचं म्हणजे झोप लागते, हे आठवीतल्या मुलाला दोनदा विचार केल्यावर कळतं. 'माझी झोप उडते' म्हणा.

उत्तरांचे पाच पर्याय: मुळीच पटत नाही, फारसं पटत नाही, सांगता येत नाही, पटतं, अगदी पटतं. 'सहमत-असहमत-तटस्थ' ही कार्यालयीन भाषा झाली. शब्दांसोबत लहानापासून मोठे होत जाणारे पाच गोल छापा. पहिली भाषा भिली, पावरी किंवा मावची असलेल्या मुलांना गोल शब्दांआधी कळतात. मधल्या खान्यात फार उत्तरं पडतात ही तक्रार रास्त आहे, पण म्हणून चारच पर्याय ठेवले तर गुण मूळ मापनीशी ताडून बघता येत नाहीत. पाचच ठेवा आणि सराव नीट घ्या.

यानंतर मोजणीत नसलेल्या एका वर्गात, ३० ते ५० मुलांवर चाचणी घ्या. तीन आकडे बघा: किती वेळ लागला, कोणतं विधान ५ टक्क्यांहून जास्त मुलांनी सोडलं, आणि अल्फा किती आला. एकूण मापनीचा अल्फा ०.७० च्या खाली असेल तर पुढे जाऊ नका. तीनच विधानांच्या भागाचा अल्फा ०.६० च्या आसपास आला तर घाबरू नका, विधानं कमी असली की तो खाली येतोच.

परवानग्या

मुख्याध्यापकांचं लेखी पत्र, माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज, आश्रमशाळा असेल तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी (खान्देशात नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे ही कार्यालयं आहेत). विद्यापीठाच्या प्रबंधासाठी असेल तर नैतिक समितीची मान्यता मोजणीच्या आधी. मागाहून मिळत नाही. पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार दोन्ही हवेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १२ ते १८ वयात मुलाचा होकारही लेखी घ्यायचा असतो. संमतीपत्र मुलांच्या हाती घरी पाठवलं की निम्मी दप्तरातच राहतात. पालकसभेच्या दिवशी दाराशी टेबल लावून घ्या, आणि वाचून दाखवायला एक माणूस बसवा.

दिवस निवडणं

एकाच वर्गाचा आकडा ऑगस्टमध्ये एक येतो आणि जानेवारीत पूर्वपरीक्षेच्या तोंडावर दुसराच. दोन्ही खरे असतात, म्हणून तारीख आकड्याइतकीच ठळक लिहा. नेहमीची पातळी बघायची तर जुलैचा शेवट ते ऑगस्ट, पहिली घटक चाचणी होऊन आठवडा उलटल्यावर. परीक्षेचा ताण बघायचा तर सहामाही किंवा पूर्वपरीक्षेच्या दोन ते तीन आठवडे आधी. परीक्षा सुरू असताना नको, निकालाच्या दिवशी तर मुळीच नको. त्या दिवशी ताण मोजला जात नाही, निकाल मोजला जातो. दहावी-बारावीला फेब्रुवारी-मार्चमध्ये हात लावू नका. तेवढ्या दिवसांत मुलांना तुमच्या प्रश्नावलीची गरज नसते.

मग गावचं कॅलेंडर. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाचा सोमवार, सातपुड्यात होळीआधीचे भोंगऱ्याचे दिवस, गावचा आठवडे बाजार: या दिवशी हजेरी अर्धी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापूस वेचणीला गेलेली मुलं गैरहजर असतात, आणि नेमका त्यांचाच अभ्यास मागे पडलेला असतो. हजर मुलांचीच सरासरी काढली तर ताण आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून हजेरीपटावरची एकूण मुलं आणि त्या दिवशी भरलेले कागद हे दोन्ही आकडे अहवालात द्या. गैरहजर मुलांसाठी आठवड्याभरात एक फेरी पुन्हा मारा. तरी ८० टक्क्यांच्या खाली राहिलं तर निष्कर्ष सावधपणे मांडा.

आणि ऊन. एप्रिलमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो, रात्री पंखा बंद पडतो, शाळा सकाळची होते. डोकेदुखी, झोप न लागणं, थकवा या विधानांचे गुण त्या दिवसांत सगळ्यांचेच चढतात आणि त्यात अभ्यासाचा वाटा किती ते सांगता येत नाही. शारीरिक त्रासाची विधानं असलेली मापनी उन्हाळ्यात घेऊ नका. पावसाळ्यात घेतलेल्या आकड्याशी तर तिची तुलना मुळीच करू नका.

वेळ: दुसरा किंवा तिसरा तास. मधल्या सुट्टीआधीचा शेवटचा तास नको, भूक लागलेली असते. शेवटचा तास तर नकोच. एसटीने जाणारी मुलं गाडी चुकेल म्हणून पाच मिनिटांत सगळीकडे एकच खूण करून मोकळी होतात.

किती मुलं

एका शाळेसाठीच करत असाल तर सगळ्या तुकड्या घ्या, गणित करायला नको. तालुक्याबद्दल बोलायचं असेल तर हिशेब करा. समजा गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) १० आहे आणि ९५ टक्के खात्रीने सरासरी खऱ्या आकड्याच्या २ गुणांच्या आत हवी आहे: १.९६ गुणिले १० भागिले २, त्याचा वर्ग, म्हणजे साधारण ९६ मुलं. इथे बहुतेक प्रबंध थांबतात. पण आपण मुलं सुटी उचलत नाही, वर्गच्या वर्ग उचलतो, आणि एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात: तेच शिक्षक, तोच अभ्यास, तीच शिकवणी. या सारखेपणाचा अंश ०.०५ धरला आणि वर्गात ४० मुलं असतील तर संख्येला १ + (३९ × ०.०५), म्हणजे २.९५ ने गुणावं लागतं. ९६ चे २८४ होतात. ही २८४ मुलं दोन मोठ्या शाळांतून घेण्यापेक्षा आठ-दहा शाळांतून एकेक तुकडी घेऊन जमवा. शहाद्याच्या एका शाळेतली १०० मुलं घेऊन 'खान्देशातील किशोरवयीन' असं शीर्षक देऊ नये.

वर्गात काय करायचं

३५ मिनिटांचा तास पुरतो: ८ मिनिटं सूचना आणि सराव, १५ मिनिटं भरणं, बाकी गोळा करणं. कागदच वापरा. गूगल फॉर्म घरी पाठवला की बाजूला आई बसते, नाहीतर भाऊच भरून टाकतो.

वर्गशिक्षकांना नम्रपणे बाहेर बसवा. ते खिडकीत जरी उभे राहिले तरी 'शिक्षक जास्त अभ्यास देतात' या विधानाची उत्तरं मऊ होतात. बाकावर दोघं बसत असतील तर मध्ये दप्तर उभं ठेवायला सांगा, किंवा विधानांचा क्रम बदलून दोन रंगांचे कागद करा. दोन रंग केले तर गुण भरताना रंग नोंदवायचा, नाहीतर भागांची बेरीज उलटसुलट होते आणि ते महिनाभराने लक्षात येतं.

सूचना तोंडपाठ न म्हणता कागदावरून वाचा, म्हणजे प्रत्येक तुकडीला तीच मिळते: 'ही परीक्षा नाही. बरोबर-चूक असं काही नाही. याला मार्क नाहीत. तुमचा कागद शाळेतलं कुणी बघणार नाही. एखाद्या ओळीचं उत्तर द्यायचं नसेल तर सोडा. भरायचाच नसेल तर कोरा कागद घडी करून पेटीत टाका. कुणाच्या जिवाला धोका आहे किंवा कुणावर अत्याचार होतोय असं दिसलं तरच, मदत करू शकेल अशा मोठ्या माणसाशी मी बोलेन.' शेवटचं वाक्य गाळू नका आणि 'कुणालाच सांगणार नाही' असं वचनही देऊ नका. लैंगिक अत्याचाराबद्दल मुलाने काही सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

सरावाला दोन विधानं फळ्यावर लिहा. 'मला वांग्याचं भरीत आवडतं.' बहुतेक वर्ग मोठ्या गोलावर खूण करतो. मग 'मला रोज पहाटे चारला उठायला आवडतं.' आता उत्तरं पसरतात, आणि खूण कुठेही केलेली चालते हे मुलांना न सांगता कळतं. त्यानंतर मागे जाऊन चार-पाच कागद बघा. कुणी दोन गोलांच्या मध्ये खूण केली असेल तर ती तिथेच सुधारून घ्या. घरी गेल्यावर तिचा अर्थ लावत बसावं लागतं.

आश्रमशाळेत आणि आठवीच्या वर्गात प्रत्येक विधान मोठ्याने दोनदा वाचा, मध्ये सात-आठ सेकंद थांबा. कुणी 'याचा अर्थ काय?' विचारलं तर तेच विधान पुन्हा वाचा; स्वतःचं उदाहरण देऊ नका. तुम्ही 'म्हणजे गणिताच्या पेपरला कसं पोटात गोळा येतो' असं म्हटलं की सगळा वर्ग गणिताचाच विचार करतो.

इतर माहिती मोजकी विचारा: इयत्ता, मुलगा-मुलगी, माध्यम, घरी राहतो की वसतिगृहात, शिकवणी आहे का, शाळेत यायला किती वेळ लागतो. झोपेबद्दल 'रोज किती तास झोपतोस?' असं विचारलं की सगळे आठ लिहितात. 'काल रात्री किती वाजता झोपलास? आज किती वाजता उठलास?' असं विचारून वजाबाकी तुम्ही करा. जात, उत्पन्न, मागच्या वर्षीचे मार्क हे लागणारच नसेल तर विचारू नका. ही माहिती मापनीच्या नंतर ठेवा. आधी ठेवली की नाव शोधून काढणार असं मुलांना वाटतं.

त्याच मुलांना दोनदा मोजायचं पण नाव नको असेल, तर मुलाला स्वतःच संकेत बनवू द्या: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेतला दिवस, आजोबांच्या नावाचं पहिलं अक्षर. 'र-१७-द' असा. मोठ्या भावाच्या नावाचं अक्षर घेऊ नका. भाऊ नसलेली मुलं अडतात. दुसऱ्या वेळी काही संकेत जुळणार नाहीत, त्याची तयारी ठेवून सुरुवातीला १५-२० टक्के मुलं जास्त घ्या.

कागदाच्या शेवटी एक वेगळी चिठ्ठी जोडा: 'मला कुणाशी तरी बोलायचं आहे. नाव: ...' ही चिठ्ठी सगळ्यांनी फाडून, घडी घालून वेगळ्या पेटीत टाकायची, कोरी असली तरी. सगळे टाकतात म्हणून कुणाकडे बोट जात नाही.

त्याच दिवशी, शाळा सोडण्याआधी

पेट्या घेऊन थेट घरी जाऊ नका. आधी सगळ्या चिठ्ठ्या उघडा, मग प्रत्येक कागद पालथा करून बघा. मुलं मागे लिहितात. 'जगून काय करू' अशा अर्थाचं काही दिसलं तर ते उद्यावर ढकलायचं नाही. मूल ओळखता येत असेल तर त्याच्याशी त्याच दिवशी, एकांतात, दार अर्धं उघडं ठेवून बोला. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात येत नाहीत. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलावून घ्या. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मुलांसाठी १०९८ आहे. पुढे जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे. ओपीडीचा वार मोजणीच्या आठवडाभर आधीच फोन करून विचारून ठेवलेला असावा. इतकं गंभीर नसेल तर ग्रामीण रुग्णालयातलं किशोरवयीनांसाठीचं मैत्री क्लिनिक बरं पडतं. कागद निनावी असेल तर त्या वर्गात परत जा आणि तुम्ही कुठे बसला आहात, किती वाजेपर्यंत आहात, कोणत्या क्रमांकावर बोलता येतं ते सगळ्यांना सांगा. अक्षरावरून मूल शोधायला वर्गशिक्षकांना कागद दाखवला तर पुढच्या वर्षी एकही मूल खरं लिहिणार नाही.

ही सोय उभी नसेल तर आत्महत्येबद्दलचे प्रश्न प्रश्नावलीत घालू नका.

गुण

एका ओळीत एक मूल, एका रकान्यात एक विधान. १० टक्के कागद दुसऱ्याकडून पुन्हा भरून घ्या आणि ताडून बघा. ५ च्या जागी ५५ पडणं ही नेहमीची चूक. प्रत्येक रकान्याचा किमान-कमाल आकडा काढला की सापडते. १६ पैकी एक-दोन विधानं सुटली असतील तर बाकीची सरासरी १६ ने गुणा: १५ विधानांची बेरीज ५१ असेल तर ३.४ × १६ = ५४.४. दोनपेक्षा जास्त सुटली तर तो कागद एकूण गुणांत धरू नका. १६ च्या १६ उत्तरं एकसारखी असतील तर तो कागद बाजूला काढा आणि असे किती निघाले ते लिहा.

पर्सिव्ह्ड स्ट्रेस स्केल जोडीला घेतली असेल तर तिच्या १० प्रश्नांच्या आवृत्तीत ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न उलटे आहेत. मिळालेला आकडा ४ मधून वजा करायचा. हे राहून गेलं की अल्फा कोसळतो, आणि मग भाषांतराला दोष दिला जातो.

पाच भागांची तुलना बेरजेने करू नका. एका भागात ४ विधानं, बाकीच्यांत ३. प्रत्येक भागाची सरासरी काढा, म्हणजे सगळे १ ते ५ च्या पट्टीवर येतात. अल्फा, सरासरी, प्रमाण विचलन हे सगळं जामोवी किंवा जॅस्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये निघतं.

आकडा वाचताना

ईएसएसए ही निदानाची मापनी नाही. 'अमुक गुणांच्या वर म्हणजे तीव्र ताण' अशा सीमारेषा काही प्रबंधांत दिसतात. त्या बहुतेक वेळा त्या-त्या नमुन्याचे तीन समान भाग पाडून काढलेल्या असतात. दुसऱ्या राज्यातल्या मुलांची रेषा अमळनेरच्या मुलांवर ओढू नका. तशीच रेषा स्वतःच्या नमुन्यावर ओढली तर एक तृतीयांश मुलं 'तीव्र' निघणारच, शाळा कितीही आनंदात असली तरी.

एका मुलाच्या आकड्यात किती हलणं धरायचं, तेही बघा. प्रमाण विचलन १० आणि विश्वसनीयता ०.८१ असेल तर मोजमापाची चूक १० × √०.१९, म्हणजे ४.४ गुण. एका मुलाचे ५२ आले तर खरा आकडा साधारण ४३ ते ६१ मध्ये कुठेही असू शकतो. ५२ आणि ५५ मध्ये फरक आहे असं म्हणता येत नाही. उपक्रमाआधी ५८ आणि नंतर ५० आले म्हणून त्या मुलाचा ताण उतरला असंही नाही, ०.७८ या पुनर्चाचणी विश्वसनीयतेने हिशेब केला तर एका मुलाच्या बाबतीत सुमारे १३ गुणांहून कमी बदल नुसत्या मोजण्यातल्या हलण्यातूनही येऊ शकतो. ५० मुलांच्या सरासरीला मात्र हे लागू नाही, तिची चूक दीड गुणाच्या आत असते. वर्गाबद्दल ठामपणे बोलावं, मुलाबद्दल जपून. एकट्या मुलाचा आकडा त्याच्याशी बोलायला निमित्त म्हणून पुरेसा आहे, शेरा मारायला नाही.

मुख्याध्यापकांना एकच पान द्या: पाच भागांचे पाच स्तंभ, खाली तारीख, पट आणि हजर संख्या. एकूण आकड्यापेक्षा कोणता स्तंभ उंच आहे ते कामाचं. कामाचा बोजा उंच असेल तर सगळ्या विषयांचा गृहपाठ एकाच दिवशी पडतो का ते बघा. गुणांची चिंता उंच असेल तर चाचणीचे मार्क वर्गात मोठ्याने वाचले जातात का ते विचारा. ते बंद करायला पैसे लागत नाहीत. हताशपणा उंच असेल तर बहुधा एखाद-दुसऱ्या विषयात मुलं मागेच राहून गेलेली असतात, तिथे ध्यानाचं शिबिर घेऊन उपयोग नाही, मागचा धडा पुन्हा शिकवावा लागतो. तुकड्यांची क्रमवारी लावू नका, शिक्षकांची नावं जोडू नका. १० पेक्षा कमी मुलांचा गट वेगळा दाखवू नका; वसतिगृहातल्या चार मुली कोण ते सगळ्या शाळेला माहीत असतं. मुलांनाही पंधरा दिवसांत सांगा: तुमच्या वर्गाने काय म्हटलं आणि शाळा त्यातलं काय बदलणार आहे.

भरलेले कागद कुलपात, नाव आणि क्रमांकाची यादी दुसऱ्या कुलपात, आणि किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. नैतिक समितीने ठरवून दिलेली मुदत संपली की कागद बारीक फाडून किंवा जाळून टाका. शाळेच्या रद्दीत गेले तर त्याच गावात भेळेच्या पुड्या होऊन फिरतात.